पॅटर्न लॉक पिनपेक्षा सेफ? उलट आहे!

"पिन काय कोणीही बघून लक्षात ठेवतं, फोनला पॅटर्न लाव, बोट ठिपक्यांवरून सर्रकन फिरतं, कोणाला कळत नाही" हे मी किती वर्षं ऐकतोय आणि खरं सांगतो, मीपण लोकांना हेच सांगायचो. गणित पटण्यासारखं आहे ना, ९ ठिपक्यांचे ३,८९,११२ पॅटर्न होतात आणि चार आकडी पिन फक्त १०,०००.

पण मागून डोकावणारा गणित करत बसत नाही, तो आकार बघतो. आकडे लक्षात ठेवायला डोकं लागतं, Z किंवा L सारखी रेघ डोळ्यात बसते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीच्या (नौदलाच्या कॉलेजच्या) संशोधकांसोबत झालेल्या अभ्यासात सहा ठिपक्यांचा पॅटर्न एकदाच बघून साधारण ६४ टक्के वेळा ओळखला गेला, सहा आकडी पिन मात्र ११ टक्केच. बोटामागे उमटणारी रेघ दिसणं बंद केलं तर पॅटर्नचे ६४ चे ३५ टक्के झाले, म्हणजे पॅटर्नच हवा असेल तर स्क्रीन लॉकच्या सेटिंगमध्ये जाऊन ती रेघ तरी बंद करा. शिवाय तेलकट बोटाचा माग काचेवर राहतो तो वेगळाच, स्क्रीन तिरकी धरून बघा एकदा, बऱ्याचदा अख्खा पॅटर्न दिसतो.

आणि स्क्रीनवर लावतात ती प्रायव्हसी काच, ती फक्त बाजूने बघणाऱ्यापासून लपवते. बरोब्बर पाठीमागे उभ्या असलेल्याला सगळं तुमच्याइतकंच दिसतं.

सहा आकडी पिन ठेवा, आणि गर्दीत फिंगरप्रिंटनेच उघडा, बघायला काही उरतच नाही.