विश्वपार्श्वभूमी प्रारणाच्या वर्णपटातील विकृती : मोजमापाची पार्श्वभूमी

न्यू जर्सीतील होल्मडेल येथील शिंगाच्या आकाराची अँटेना कोणत्याही दिशेला वळवली तरी ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवरची खरखर जात नाही, असे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६५ मध्ये जाहीर केले, तेव्हा ती खरखर म्हणजे आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे विश्वपार्श्वभूमी प्रारण असल्याचे कळले; पण हाती आला होता तो त्याच्या वर्णपटावरचा, म्हणजे तरंगलांबीनुसार प्रारणाची तीव्रता दाखवणाऱ्या आलेखावरचा, केवळ एक बिंदू. हे प्रारण आरंभीच्या तप्त विश्वातले असेल, तर संपूर्ण वर्णपट आदर्श कृष्णपदार्थाचा, म्हणजे फक्त तापमानावरून ठरणारा, असायला हवा होता.

तो तसा नसला तर काय, हा प्रश्न सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच आणि रशीद सुन्याएव्ह यांनी १९६९-७० च्या सुमारास मांडला. विश्व जेमतेम काही महिन्यांचे असेपर्यंत त्यात पडलेली जादा उष्णता नवे फोटॉन तयार होऊन पूर्णपणे पचते. त्यानंतर इलेक्ट्रॉनांवरच्या विखुरण्यातून ऊर्जेची वाटणी होत राहते, पण फोटॉनांची तूट भरून निघत नाही आणि वर्णपटात ‘म्यू’ नावाची विकृती, म्हणजे आदर्श आकारापासूनचे विचलन, उरते. आणखी उशिरा ही वाटणीही अपुरी पडते व ‘वाय’ नावाची वेगळ्या आकाराची विकृती उमटते. म्हणून विकृती सापडणे म्हणजे त्या काळाची दैनंदिनीच हाती लागणे होय.

१९८७ मध्ये नागोया आणि बर्कली येथील शास्त्रज्ञांच्या अग्निबाणातील उपकरणाने एक मिलिमीटरहून आखूड तरंगलांबींवर अपेक्षेपेक्षा बरेच अधिक प्रारण नोंदवले, आणि ते समजावून सांगणाऱ्या सिद्धान्तांची रीघ लागली. हे प्रारण मोजण्यासाठीचा ‘नासा’चा ‘कोबी’ उपग्रह १८ नोव्हेंबर १९८९ रोजी सुटला तो ही शंका घेऊनच. त्यावरील ‘फिरास’ या वर्णपट मोजणाऱ्या उपकरणाचे खरे बळ माझ्या मते त्याच्या तुलनेच्या पद्धतीत होते. द्रव हीलियमने सुमारे १.५ केल्विनपर्यंत थंड केलेल्या या उपकरणाच्या कर्ण्यासारख्या तोंडात अधूनमधून एक काळा शंकू बसवला जाई. त्याचे तापमान आकाशाइतके केले की आकाश आणि शंकू यांत फरक जवळजवळ दिसतच नसे. जानेवारी १९९० मध्ये ‘फिरास’चे प्रमुख जॉन मॅथर यांनी अवघ्या नऊ मिनिटांच्या निरीक्षणांचा आलेख दाखवला, तेव्हा सभागृह उभे राहिले. आधीचे जादा प्रारण त्यात कुठेच नव्हते. त्याच महिन्यात हर्बर्ट गश यांच्या अग्निबाण-प्रयोगानेही तेच सांगितले.

या वक्राला सर्वांनाच उत्तर द्यावे लागले. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये मांडलेल्या स्थिरवत विश्वाच्या, म्हणजे महास्फोटाने आरंभ न मानणाऱ्या, प्रतिमानात लोखंडाचे सुईसारखे कण ताऱ्यांचा प्रकाश शोषून पुन्हा सोडतात आणि त्यातूनच हे प्रारण बनते, असे प्रतिपादन होते.

‘फिरास’च्या १९९६ च्या अंतिम विश्लेषणात विकृती सापडली नाही; असलीच तर म्यूची कमाल मर्यादा एक लाखात नऊ, तर वायची एक लाखात दीड अशी ठरली. मात्र आरंभीच्या ध्वनिलहरी विरताना उमटणारी म्यू विकृती दहा कोटींत दोनच्या आसपास, म्हणजे या मर्यादेच्या हजारो पट खाली, अपेक्षित आहे. ती टिपण्यासाठी २०११ मध्ये ‘पिक्सी’ या उपग्रह-मोहिमेचा प्रस्ताव पुढे आला, आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत ‘अप्सरा’ प्रकल्पाद्वारे हायड्रोजन व हीलियमच्या पुनर्संयोगाच्या, म्हणजे अणुकेंद्रे व इलेक्ट्रॉन एकत्र येऊन अणू बनण्याच्या, वर्णपटातील पुसट खुणा जमिनीवरून टिपण्याचा विचार झाला. ‘फिरास’मधले हीलियम सप्टेंबर १९९० मध्येच संपले; वर्णपटाचे असे निरपेक्ष मोजमाप करणारे दुसरे उपकरण त्यानंतर अवकाशात गेलेले नाही.