ओली चादर आणि तिसावा घात

"मावशी, ही माणसं काटक असतात गं. आपल्याइतकं दुखत नाही त्यांना."

रविवारी पोहे खाताना भाचीनं हे वाक्य टाकलं आणि माझी सकाळ गेली. ती इंदुरातच बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाक्य तिचं नव्हतं. वॉर्डात कुणा सीनियरनं म्हटलेलं तिनं उचललं होतं, जसे आपण सगळेच उचलतो.

विषय होता तिच्या केस स्टडीचा. अलीराजपूरकडची एकोणीस वर्षांची आदिवासी मुलगी, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची रुग्ण, हातापायांची हाडं ठणकत असताना दाखल झालेली. हिंदीत विचारलं, "एक ते दहामध्ये किती दुखतंय?" तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. फाइलमध्ये शेरा पडला : सहकार्य करत नाही. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, ती नुसते ओठ ओले करायची. आणि त्याआधीच्या रात्री तिनं चादर ओली केली, म्हणून ड्यूटीवरच्या बाईंनी तिला सगळ्या वॉर्डादेखत झापलं होतं.

मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. दुखणं, पाणी आणि चादर या तीन तक्रारी मला एकाच समीकरणात बसताना दिसल्या. ते समीकरण माझं फार लाडकं आहे, तेव्हा थोडं सहन करा.

तांबड्या पेशीत ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं. सिकलसेलमध्ये तिथं व्हॅलिन येतं. बास, एवढाच फरक. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं आणि पुढं काही वर्षांत व्हर्नन इन्ग्रमनं ती नेमकी अदलाबदल पकडली. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात सुखानं राहतं. व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. ऑक्सिजन सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचा आकार जरासा बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते (८५व्या जागचं फेनिलॅलनिन आणि ८८व्या जागचं ल्युसिन यांच्यामधली) आणि व्हॅलिन नेमकं तिच्यात जाऊन बसतं. त्याला दुसरा रेणू चिकटतो, त्याला तिसरा, आणि बघता बघता चौदा पदरांचा दोर वळला जातो. दोर लांबला की तांबडी पेशी आतून ताणून विळ्यासारखी होते आणि बारीक वाहिनीत अडकते. मागं रक्त तुंबतं, पुढचं हाड उपाशी राहतं. तो ठणका सोसलेल्या माणसाला 'काटक' म्हणणं हा आपला आळस आहे.

पण खरी गंमत पुढं आहे. हा दोर लगेच वळला जात नाही. ऑक्सिजन गेल्यावर काही काळ काहीच घडत नाही आणि मग एकदम सगळं घडतं. ज्यांनी साखरेचा पाक केलाय त्यांना हे ठाऊक आहे. पाक जरा जास्त आटला तरी बराच वेळ नितळ दिसतो, आणि आपण पाठ फिरवली की साखरतो. कारण तेच. सुरुवातीचे चार-सहा रेणू जवळ येतात, टिकत नाहीत, सुटतात, पुन्हा येतात. एकदा का टिकण्याइतका मोठा गाभा जमला की दोर सरसर वाढतो, आणि त्या दोराच्या अंगावरच नव्या दोरांचे गाभे रुजतात. (ही दुहेरी गाभा-निर्मिती. आकडेमोड सुंदर आहे, पण संपादक कापतील.) या थांबण्याला म्हणायचं विलंबकाळ. पेशीला केशवाहिनीतून जायला साधारण सेकंदभर लागतो आणि आणखी काही सेकंदांत ती फुप्फुसात पोचते. तिथं ऑक्सिजन मिळाला की जमत आलेला गाभा विरघळतो. म्हणजे रुग्णाच्या प्रत्येक पेशीची प्रत्येक फेरीला शर्यत : आधी फुप्फुस की आधी दोर?

१९७४ मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हा विलंबकाळ मोजला. तो हिमोग्लोबिनच्या संहतीच्या, म्हणजे पेशीतल्या त्याच्या दाटपणाच्या, साधारण तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात निघाला. तिसाव्या! गुरुत्वाकर्षणात दुसरा घात येतो, तापलेल्या तव्याच्या प्रारणात चौथा. परिस्थितीप्रमाणे हा आकडा पंधरापर्यंत उतरतो असं नंतर दिसलं, पण पंधराही काही कमी नाही. समजा पेशीतलं पाणी थोडं घटलं आणि संहती ३ टक्क्यांनी वाढली. १.०३ चा तिसावा घात २.४. विलंबकाळ निम्म्याहून खाली. संहती ५ टक्क्यांनी वाढली तर ४.३, म्हणजे पाव भागही उरत नाही. ज्यांची घातांकांशी कधीच मैत्री झाली नाही त्यांनी इतकंच धरून ठेवावं : या पेशीत पाण्याचा थोडा फरक थोडा राहत नाही. म्हणून डॉक्टर पाणी प्या म्हणतात. (सलाइनचा मारा करणंही बरं नव्हे, त्याचा त्रास फुप्फुसांना होतो, ते डॉक्टरांवर सोडावं.)

आता चादर. मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात ऑक्सिजन मुळात कमी असतो आणि क्षार फार. तिथून जाताना या पेशी पाणी गमावतात आणि विळ्यासारख्या होतात. वर्षानुवर्षं तसं होऊन मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद जाते. लघवी पातळ, भरपूर आणि वारंवार होते. सिकलसेलच्या मुलांमध्ये अंथरूण ओलं होणं नेहमीचं, काहींत ते तरुणपणीही राहतं. त्यात हाताला सलाइन. त्या रात्री जे घडलं ते पाठ्यपुस्तकातलं लक्षण होतं, आणि त्याची नोंद 'गावंढळपणा' या सदरात झाली.

मुलीनं मग आपला हिशेब केला. पाणी प्यायलं की चादर ओली होते, चादर ओली झाली की ओरडा बसतो, म्हणून पाणी बंद. संडास पॅसेजच्या टोकाला, चाळीस पावलांवर, वाटेत पुरुषमंडळी जमिनीवर पथाऱ्या टाकून बसलेली, आणि हातात सलाइनचा स्टँड. हे सगळं तिनं सांगितलं ते वॉर्डातल्या आयाबाईंना, कारण त्या तिकडच्याच आणि त्यांना तिची भिलाली बोली येते. भाचीला ते आयाबाईंकडून चौथ्या दिवशी कळलं. म्हणजे एक ओरडा तीन दिवसांत थेट त्या घातांकापर्यंत जाऊन पोचला होता.

नर्सिंगमध्ये याला शब्द आहे, 'सांस्कृतिक सुरक्षितता', आणि तो न्यूझीलंडचा आहे. १९८८ मध्ये ख्राइस्टचर्चला माओरी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, परिचारिका आणि विद्यार्थिनी जमल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं उठून विचारलं की तुम्ही कायद्याची सुरक्षितता शिकवता, नीतीची शिकवता, उपचारांची शिकवता, मग संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेनं तो प्रश्न उचलून धरला, आणि १९९२ पासून तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं तो अभ्यासक्रमात आणला. वर्तमानपत्रांतून तेव्हा बरीच आरडाओरड झाली. मूळ पिंड राजकीय होता हे खरंच. ब्रिटिश सत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या १८४० च्या वैतांगी करारापासूनचा हिशेब त्यात होता.

रॅम्सडेन यांचं म्हणणं आपल्याकडे नेहमी उलटं समजलं जातं. माओरींना डोकं पवित्र, म्हणून डोक्याची उशी पायाखाली देऊ नये, हे नर्सला माहीत असावंच. पण अशा चालीरीती पाठ करून काम भागत नाही. नर्सनं आधी स्वतःकडे बघायचं : माझी भाषा, माझी जात, माझा गणवेश, वॉर्डातली माझी सत्ता. आणि सेवा सुरक्षित होती की नाही हे ठरवायचं रुग्णानं, नर्सनं नव्हे. आपल्या बी.एस्सी. नर्सिंगला पहिल्याच सत्रात समाजशास्त्र आहे. त्यासाठी भाचीनं केलेला तक्ता मी पाहिलाय : 'भिल्ल समाज – पोशाख, आहार, सण', आणि भगोरियाचं चित्र. चित्र छान आहे. संडास कुठं आहे ते त्यात नाही.

२०११ च्या जनगणनेत अलीराजपूर जिल्ह्यात ८९ टक्के आणि झाबुआत ८७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. मोठं दुखणं आलं की यातली कितीतरी कुटुंबं इंदूरची बस धरतात. आम्हा इंदुरी मराठी घरांना मात्र ही माणसं माहीत असतात ती बांधकामावरचे मजूर आणि कडकनाथ कोंबडीवाले म्हणून.

'काटक' हा गैरसमजही आपला एकट्यांचा नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारलं, तर काळ्या माणसांच्या शरीराबद्दलची निदान एक तरी खोटी समजूत जवळपास निम्म्यांना खरी वाटत होती. कातडी जाड असते ही त्यातलीच. आणि २०२० मध्ये कॅनडातल्या क्युबेकमध्ये जॉयस एशाक्वान ही अतिकामेक्व आदिवासी स्त्री इस्पितळात दाखल झाली आणि तिथंच वारली. शेवटच्या तासांत कर्मचारी तिला काय काय बोलत होते ते तिनंच फोनवरून थेट दाखवलं.

याचा अर्थ सगळं चालवून घ्यायचं असा नाही. आजारी बाळाच्या पोटावर तापल्या सळईनं डाग देणं हे क्रौर्य आहे आणि ते थांबलंच पाहिजे. पण डाग दिसल्याबरोबर आईवर तुटून पडलात, तर पुढच्या खेपेला ती बाळाला झाकेल, नाहीतर उशिरा आणेल. आणि नावं ठेवताना जपून. मीठ-मोहरीनं दृष्ट काढणारी, ३६ गुण जुळवणारी घरं आपलीच. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणीनंतर कार्ड मिळतं. लग्नाआधी ते जुळवलं तर पत्रिकेपेक्षा शंभरपट उपयोग. 'सिकलसेलवर जनुकीय कात्री' अशा मथळ्यांनीही हुरळू नये. जनुकांत बदल करणारा हा उपचार खरा आहे, पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली आहे. बेडपॅन आणि पडदा त्याहून स्वस्त.

त्या मुलीला शेवटी तेच मिळालं. आयाबाईंनी खाटेच्या बाजूला जुनी चादर बांधून आडोसा केला, भाचीनं खाटेखाली बेडपॅन ठेवला आणि लघवीला जायचंय का हे भिलालीत कसं विचारायचं ते डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत दोन तांबे पाणी पोटात गेलं. दुखण्याचा आकडा तिनं तेव्हाही सांगितला नाही. मांडीवरचा एक कोपरा दाबून दाखवला, इथं.

केस स्टडीत भाचीनं 'संडासचं अंतर : ४० पावलं' अशी ओळ घातली. मॅडमनी त्या ओळीभोवती लाल गोल करून प्रश्नचिन्ह काढलंय. येत्या बुधवारी तिला भेटायला बोलावलंय, आणि काल ती माझी जुनी लॉग टेबल घेऊन गेली आहे.