फाउंड्रीतलं थ्रीडी प्रिंटिंग आणि त्याचं परवडणं (बेळगाव)

थ्रीडी प्रिंटिंग म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगवरून थरावर थर चढवत वस्तू तयार करायची पद्धत. बेळगावात हा विषय निघाला की फिरून फाउंड्रीवरच, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांवरच येतो, कारण उद्यमबाग, मच्छे ह्या भागात ओतकाम आणि मशिनिंगवर हजारो घरं चालतात, आणि नवीन मशीन म्हटलं की पहिला प्रश्न हाच, हप्ता सुटेल काय.

चार्ल्स हल ह्यांना १९८६ मध्ये स्टिरिओलिथोग्राफीचं, म्हणजे पातळ रेझिन प्रकाशानं थराथरानं घट्ट करायच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. प्लॅस्टिकची तार वितळवून थर देणारी एफडीएम पद्धत स्कॉट क्रम्प ह्यांची, तिचं मूळ पेटंट २००९ ला संपलं आणि लाखांतलं मशीन हळूहळू हजारांत आलं.

खरा हिशेब पॅटर्नचा आहे. पॅटर्न म्हणजे वस्तूच्या आकाराचा नमुना, तो वाळूत दाबून उचलला की राहतो तो मोल्ड, त्यात धातू ओततात. कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून मोल्डमध्ये ठेवतात तो वाळूचा कोअर, आणि तो ज्या साच्यात बनतो तो कोअर बॉक्स. समजा पॅटर्न आणि कोअर बॉक्सला ४०,००० रुपये लागले. ५०० नग ओतले तर नगामागे ८० रुपये, कुणालाच जड नाही. पण गिऱ्हाइकाला ट्रायलला चारच नग पाहिजे असतील तर नगामागे १०,००० रुपये पडतात आणि ऑर्डर तिथंच अडते. सँड प्रिंटर वाळूचा पातळ थर पसरून त्यावर बाइंडर (वाळू धरून ठेवणारा चिकट द्रव) सोडतो, पॅटर्न लागतच नाही, त्यामुळं पहिल्या मोल्डला जो खर्च साधारण तोच शंभराव्यालाही, म्हणजे चार नगांना फायदा आणि ५०० ला तोटा. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीसारख्या, आतनं आडव्यातिडव्या वाटा असलेल्या कास्टिंगचे कोअर मात्र ह्यात एकसंध निघतात, जोडायची भानगड नाही. पण ते मशीन कोटींच्या घरात जातं, एकट्या फाउंड्रीनं घेऊन दोन पाळ्या भरेल एवढं काम कुठनं आणायचं? माझ्या मते छोट्यांनी सँड प्रिंटिंग बाहेरनं जॉबवर्कनंच करून घ्यावं.

आपल्या फाउंड्रीत ठेवायचा तो छोटा एफडीएम, त्यावर प्लॅस्टिकचा पॅटर्न काढायचा. ग्रे आयर्न थंड होताना साधारण १ टक्का आकसतं म्हणून २०० मिमीचा पार्ट असेल तर पॅटर्न २०२ चा, वर मशिनिंगची सूट, म्हणजे नंतर कापून काढायचा जादा भाग, वेगळी. इथं पॅटर्नवाल्या मिस्त्रींशिवाय भागत नाही. आमच्याकडं पहिला पॅटर्न ड्रॉइंगप्रमाणे एकदम बरोबर आला, पण उभ्या बाजूंना ड्राफ्टच (पॅटर्न वाळूतनं सुटावा म्हणून द्यायचा थोडा उतार) दिला नव्हता, वर थरांच्या बारीक रेघांत वाळू धरली आणि उचलताना मोल्डची कड ढासळली. मिस्त्री नुसतं बोट फिरवून म्हणाले, "हे असं कसं सुटतंय ओ, पुट्टी मारा, घासा, मग बघूया." पुट्टी, पॉलिश पेपर, रंग ह्यात पूर्ण एक दिवस गेला आणि कोटेशनमध्ये तो दिवस धरलेलाच नव्हता. बहुतेकांचा हिशेब इथंच चुकतो, नुसती प्लॅस्टिकची किंमत आणि मशीनचे तास बघतात.

मटेरियलचंही बघावं लागतं. पीएलए हे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आधीच्या ओतकामातनं परत आलेल्या गरम वाळूत तसा पॅटर्न वाकडा होतो, तिथं जास्त उष्णता सोसणारं एबीएस प्लॅस्टिक बरं. बेळगावच्या पावसाळ्यात तार ओल धरते, नायलॉन तर फार, मग प्रिंट होताना चटचट आवाज येतो आणि थर नीट चिकटत नाहीत, म्हणून जूनपासून रीळ सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. यूपीएस पाहिजेच, सतरा-अठरा तासांच्या प्रिंटला शेवटी लाईट गेली की बऱ्याचदा परत पहिल्यापासून सुरुवात.