सोमॅटिक सेल आणि स्टेम सेल: दगडीच्या गाईत दोन्ही येतात, पण एकच नाहीत

डेअरीवर दूध घालायला गेलं की हल्ली हे कानावर पडतंच, एक जण म्हणतो माझ्या गाईच्या दुधाच्या रिपोर्टात सेल (पेशी) मिलीला 6 लाख आलेत, आणि शेजारचा लगेच म्हणतो अरे मग दगडीवर, म्हणजे कास सुजण्याच्या रोगावर, आता सेलची थेरपी निघालीय की. म्हणजे सेल जास्त झाले म्हणून माणूस आधीच काळजीत, आणि वरून अजून सेल घालायचे? गोंधळ होणारच. रिपोर्टातले सेल वेगळे, थेरपीतले वेगळे.

रिपोर्टातले ते सोमॅटिक सेल. त्यात रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी असतात आणि थोड्या कासेच्या आतल्या अस्तरातून झडलेल्या. सडातून जंतू आत शिरला की गाईचं शरीर पांढऱ्या पेशी कासेत धाडतं, त्या जंतूंवर तुटून पडतात, म्हणून आकडा चढतो. एका मिलीला 2 लाखांच्या आत असेल तर कास बहुधा ठीक, त्यावर गेला की आत सूज आहे असं समजायचं, दूध दिसायला कितीही पांढरंशुभ्र असू दे. युरोपात डेअरीच्या दुधाला 4 लाखांची मर्यादा आहे, अमेरिकेत साडेसात लाखांची. सीएमटीचं, म्हणजे दगडी ओळखायच्या गोठ्यातल्या चाचणीचं, जांभळं औषध दुधात टाकल्यावर दूध शेंबडासारखं होतं ना, ते जंतूंमुळे नाही, औषधातल्या साबणासारख्या पदार्थाने ह्याच पेशी फुटतात आणि त्यांच्यातला डीएनए बाहेर येऊन चिकट जेल होतं. एक मात्र ध्यानात ठेवा, चिकात आणि गाय आटायला आली की आकडा तसाही वर असतो, नुसता आकडा बघून सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडू नका.

स्टेम सेल म्हणजे अजून पक्की न झालेली पेशी, जिच्यापासून पुढे हाड, चरबी, कूर्चा असं काही बनू शकतं. ही गाईच्या चरबीतून नाहीतर हाडातल्या मगजातून काढतात, लॅबमध्ये वाढवून लाखो-कोटी करतात आणि सडातून कासेत सोडतात. आधी मलाही वाटायचं की ह्या पेशी जाऊन नवी कास बनवत असतील, पण मुख्य काम तसं नाही, त्या आत जाऊन काही पदार्थ सोडतात, त्यातले काही जंतू मारतात, काही सूज उतरवतात, काही फाटलेल्या भागाची दुरुस्ती सुरू करून देतात.

आणि दगडीत नेमकी हीच अडचण आहे हो. स्टॅफिलोकोकस ऑरियससारखा जंतू पेशींच्या आत आणि घट्ट झालेल्या मांसात दडून बसतो, अँटिबायोटिक तिथवर नीट पोचत नाही, आणि समजा जंतू मेले तरी दूध बनवणारा भाग गेला तो गेलाच, कास दगडासारखी होते, नावच त्यावरून पडलंय. एक सड कायमचा गेलेली चांगली गाय बघून जीव तुटतो, म्हणून ह्या संशोधनाबद्दल मला खरंच आशा वाटते.

पण अजून हे प्रयोगच आहेत, थोड्या गाईंवरचे. दवाखान्यात जाऊन मागावी अशी ही रोजची ट्रीटमेंट झालेली नाही. शिवाय ह्या जिवंत पेशी, रेतनाच्या कांड्यांसारख्या नायट्रोजनमध्ये जपाव्या लागतात, तेव्हा दुकानातल्या फळीवरची पावडर किंवा टॉनिक कुणी स्टेम सेल म्हणून विकत असेल तर पैसे देऊ नका, त्यात जिवंत पेशी टिकूच शकत नाही.

दोघांची गाठ पडते ती एकाच ठिकाणी. स्टेम सेल दिल्यावर गुण आला की नाही हे बघायला दुधातले सोमॅटिक सेलच मोजतात, कमी होत गेले तर सूज उतरतेय.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करा, धार काढून झाली की सड आयोडीनच्या डिपमध्ये बुडवा आणि पुढ्यात वैरण टाकून गाय अर्धा तास तरी उभी ठेवा, तेवढा वेळ सडाचं तोंड उघडं असतं.