वासंतिक बागकाम (नाशिक परिसर)

थंडी ओसरल्यापासून वळवाच्या पावसापर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, नाशिक व आसपास केली जाणारी बागेची कामे. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा; बागेतला मात्र महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघाली की सुरू होतो. या दिवसांत उत्साहाने आणलेली रोपे बहुधा मे महिन्यात जळतात, कारण पुढे तीन महिने चढते ऊन आणि कोरडा वारा असतो. त्यामुळे येथे नवी लागवड थोडी व लवकर करावी. बाकी काम राखणीचे.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, पण प्रत्येक कोपऱ्याची हवा वेगळी. गोदाकाठच्या सखल काळ्या जमिनीवर रात्री गारठा साचतो. तेथे भेंडी, गवार, काकडी घाईने पेरली तर बी कुजते. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या वर टिकू लागल्यावरच पेरावे. पांडवलेण्यांच्या बाजूच्या मुरमाड जमिनीत पेरणी आधी जमते, मात्र पाणी ठरत नाही. त्र्यंबकेश्वराकडे पाऊस शहराच्या कितीतरी पट पडतो, तरी उतारावरच्या उथळ मातीतली ओल उन्हाळ्यात टिकत नाही. सर्वांत कठीण जागा फ्लॅटची पश्चिमेची गॅलरी: भिंत दिवेलागणीनंतरही गरम असते. एप्रिलपासून तेथे ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी आणि कुंड्या भिंतीपासून हातभर पुढे ओढाव्यात.

पळस, पांगारा, काटेसावर ही रानची झाडे पाने गाळून फुलतात. बहावा एप्रिल-मे मध्ये पिवळाधमक होतो. निष्पर्ण झाड वाळले समजून त्याला रोज पाणी घालणे ही नेहमीची चूक. नखाने साल खरवडावी. आत हिरवी ओल दिसली तर झाड जिवंत आहे. ही झाडे लावायची असतील तर एप्रिलमध्ये ६० सें.मी. लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन उन्हात तापू द्यावेत. रोप जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर लावावे. पळसाच्या शेंगा पिकल्या की बी लगेच उंच पिशवीत लावावे. साठवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते, आणि बुटक्या पिशवीत सोटमूळ वेटोळे घेते. बहाव्याचे बी कठीण कवचाचे. ते पॉलिश पेपरवर घासून २४ तास भिजवावे.

मोगरा हे या ऋतूचे खरे धन. डिसेंबरात पाणी तोडून एक-तृतीयांश छाटणी, जानेवारीअखेर शेणखत व भरपूर पाणी, म्हणजे मार्चपासून कळ्या येतात. छाटणी राहून गेली असेल तर फेब्रुवारीत शेंडे खुडावेत. बहर उशिरा, पण येतो. पाने गर्द आणि कळ्या नाहीत, असे झाले तर ऊन पाच-सहा तासांपेक्षा कमी पडते आहे किंवा नत्र जास्त झाले आहे.

मोगलाईत ‘गुलशनाबाद’ म्हणवलेल्या या शहरात गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरची. मार्चमध्ये खोल छाटू नये. उघड्या पडलेल्या काड्या उन्हाने भाजतात. फक्त सुकलेली फुले पाच पर्णिकांच्या पहिल्या पानावर कापावीत.

कुंडीत नुसती काळी माती भरू नये. ती सुकली की आकसून कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या बशीत उतरते. वरून ओली दिसणारी कुंडी मध्ये ढेकळासारखी कोरडी राहते. दोन भाग पोयटा (नदीकाठची गाळाची माती), एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण चालते. सुटलेली कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवून पूर्ण भिजवावी. एप्रिलमध्ये १२ इंची कुंडीला सकाळी दीड-दोन लिटर पाणी आणि वर पाच सें.मी. पालापाचोळा हवा. द्राक्षबागांत एप्रिलच्या खरड छाटणीत (काढणीनंतरच्या खोल छाटणीत) निघणाऱ्या काडीचा भुगाही आच्छादनाला उत्तम.

फेब्रुवारीत रात्री गार, दिवस उबदार असताना भुरी (पानांवर पांढरी भुकटी आणणारी बुरशी) पडते. मार्चनंतर पानांखाली लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसतो. कोळी कोरड्या हवेत फोफावतो, म्हणून सकाळी पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी. मग संध्याकाळी लिटरला ५ मि.लि. निंबोळी तेल, थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे. हेच भर उन्हात फवारले तर पाने करपतात.

मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीबरोबर गारपीट होऊ शकते. २०१४ च्या गारपिटीने जिल्ह्यातल्या बागा झोडपल्या होत्या. गारांनी फाटलेले शेंडे स्वच्छ कात्रीने कापावेत, साचलेले पाणी काढावे. खत मात्र लगेच देऊ नये. नवा कोंब दिसल्यावरच द्यावे.