‘स्टार हसलर’चा ‘स्टार गेझर’ झाला त्याची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला पाच मिनिटे आकाश दाखवणारा जो कार्यक्रम आज ‘स्टार गेझर्स’ म्हणून ओळखला जातो, त्याचे हे तिसरे नाव. २०११ साली आलेले अनेकवचन समजायला सोपे आहे : एका सूत्रधाराच्या जागी दोन आले. त्याआधी १९९७ साली ‘स्टार हसलर’चे ‘स्टार गेझर’ झाले तो बदल मात्र नीट समजून घ्यावा असा आहे. त्याबद्दल जे लिहिले जाते ते सहसा ‘नाव गैर होते म्हणून बदलले’ अशा एका वाक्यात आटोपते, आणि त्या वाक्यात कार्यक्रमावर थोडा अन्याय होतो.

सुरुवात मायामीतली. तिथल्या कोकोनट ग्रोव्ह भागात १९६६ साली तारांगण उघडले. फुप्फुसाच्या आजारामुळे उबदार हवा हवी म्हणून विस्कॉन्सिन सोडून दक्षिणेला आलेला जॅक हॉर्कहाइमर नावाचा एक तरुण तिथे स्वयंसेवक म्हणून काम करू लागला आणि पुढे त्या तारांगणाचा प्रमुख झाला. ४ नोव्हेंबर १९७६ रोजी शहरातल्या सार्वजनिक केंद्रावरून त्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५पासून तो देशभर दिसू लागला. पूर्ण नाव होते ‘जॅक हॉर्कहाइमर : स्टार हसलर’.

त्याचा साचा पहिल्यापासून ठरलेला होता. क्रोमाच्या (मागची पार्श्वभूमी बदलून दुसरे चित्र बसवण्याच्या) करामतीने शनीच्या कड्यावर बसलेला सूत्रधार, फ्रेंच संगीतकार दबुसीच्या पहिल्या ‘अराबेस्क’ची जपानी संगीतकार तोमिता यांनी सिंथेसायझरवर केलेली धून, आणि मग या आठवड्यात कुठे, किती वाजता, कोणत्या दिशेला पाहायचे ते. दुर्बीण नाही, साध्या डोळ्यांना दिसेल तेवढेच. एक मिनिटाची छोटी आवृत्तीही असे. अनेक केंद्रे हा भाग रात्री प्रक्षेपण बंद होण्याच्या सुमाराला लावत. संच बंद करायचा, दार उघडून बाहेर जायचे आणि आत्ताच सांगितलेला ग्रह डोक्यावर शोधायचा. आकाशाच्या कार्यक्रमाला याहून योग्य वेळ असू शकत नाही.

देशभर दाखवायचे म्हटल्यावर विषयही त्या बेताने निवडावे लागतात. मायामीच्या क्षितिजावर अगस्त्य जेमतेम अकरा अंश वर येतो (मुंबईत तो अठरा अंशांपर्यंत चढतो), पण न्यूयॉर्कमध्ये तो उगवतच नाही. म्हणून भर राहतो तो चंद्र, ग्रह आणि सगळ्यांना दिसणाऱ्या ठळक ताऱ्यांवर. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की स्वाती, आणखी पुढे चित्रा : आपल्याकडे आकाशदर्शनाच्या रात्री गच्चीवर शिकवतात तीच वाट.

आता त्या शब्दाकडे. ‘हसल’ हे मूळचे हलवणे, घुसळणे अशा अर्थाच्या डच क्रियापदावरून इंग्रजीत आले. तिथून गर्दीत धक्के मारत पुढे घुसणे, मग घाईघाईने कामाला जुंपणे, मग गोड बोलून माल गळ्यात मारणे. विसाव्या शतकात पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलावर आधी मुद्दाम कच्चे खेळून नंतर समोरच्याचे पैसे काढणारा तो हसलर, आणि शरीरविक्रयाच्या धंद्यातही हाच शब्द. त्याच वेळी, धडपडून स्वतःचे काम पुढे रेटणारा या कौतुकाच्या अर्थानेही तो चालत राहिला. मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘खटपट्या’. त्यातही शाबासकी आणि संशय एकत्र नांदतात. पुण्या-मुंबईची मुले आज ‘हसल चालू आहे’ म्हणतात ती यातल्या कौतुकाच्या छटेतून.

सूत्रधाराने हा शब्द अंगावर घेतला होता तो विक्रेत्याच्या अर्थाने. हातवारे, ताणलेला आवाज, जत्रेत तंबूबाहेर उभे राहून ‘आता सुरू होतोय, चला’ म्हणून ओरडणाऱ्याचा उत्साह. सारा अवतार तोच. फरक इतकाच की विकायला आणलेली वस्तू फुकट होती आणि ती प्रत्येकाच्या डोक्यावर आधीच टांगलेली होती. खगोलशास्त्र म्हणजे कोट घातलेल्या माणसाने फळ्यासमोर करायची गोष्ट, असे वाटणाऱ्या प्रेक्षकाला थांबवायचे तर असा फेरीवालाच हवा. हे नाव म्हणजे कार्यक्रमाच्या पद्धतीचे अचूक वर्णन होते.

‘हसलर’ याच नावाचे प्रौढांसाठीचे मासिक १९७४ साली सुरू झाले होते, म्हणजे कार्यक्रमाच्या दोन वर्षे आधी. ते काही कोपऱ्यात पडलेले नव्हते. १९८८ साली त्याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन गाजला होता. तरी कार्यक्रम वीस वर्षे त्याच नावाने चालला, कारण मासिक दुकानातल्या मांडणीवर होते आणि कार्यक्रम दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात. दोन्ही ठिकाणी जाणारा माणूस कुठे उभा आहोत हे जाणून असे. शब्दाचा अर्थ जागेवरून ठरत होता.

ती जागाच इंटरनेटने काढून घेतली. शोधयंत्राच्या चौकटीत ‘हसलर’ टाकले की तारे आणि मासिक एकाच यादीत, आणि त्या यादीत मासिकाचे पारडे जड. त्या काळची शोधयंत्रे मुख्यतः शब्दाशी शब्द जुळवत. विचारणारा चौथीतला मुलगा आहे की आणखी कोणी, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. वातावरणही तापलेले होते. मासिकाच्या प्रकाशकावरचा चित्रपट १९९६च्या अखेरीस आला होता. इंटरनेटवरच्या अश्लील मजकुराला आळा घालण्यासाठी १९९६ साली केलेल्या कायद्याची मुख्य कलमे सर्वोच्च न्यायालयाने जून १९९७मध्ये रद्द केली होती, आणि शाळांमध्ये शब्द पाहून पाने अडवणारी गाळणी बसू लागली होती. नेमक्या त्याच वसंतात हेल-बॉप धूमकेतू साध्या डोळ्यांना लख्ख दिसत होता. ज्यांनी कधी वर पाहिले नव्हते तेही माहिती शोधत होते. त्या वर्षी कार्यक्रम ‘स्टार गेझर’ झाला.

निर्णय चूक होता असे म्हणवत नाही. शिक्षिकेने मुलांना नाव सांगावे आणि मुलांनी ते टाकल्यावर भलतेच पान उघडावे, हा धोका खरा होता, आणि मुले हा या कार्यक्रमाचा जीव होता. पण झालेले नुकसानही मोजले पाहिजे. ‘हसलर’ हे दाखवणाऱ्याचे नाव होते; ‘गेझर’ हे पाहणाऱ्याचे आहे. सूत्रधार प्रेक्षकांना ‘फेलो स्टारगेझर्स’ अशीच हाक मारत असे, तेव्हा नवे नाव घरातलेच होते, हे खरे. तरी हाक मारणारा नावातून गेला. तारे पाहणारे पुष्कळ होते. रस्त्यात हात धरून थांबवणारा तो एकटाच होता. आणि हे घडले ते प्रेक्षकांपैकी कुणाचा गैरसमज झाला म्हणून नव्हे, तर यंत्राला दोन अर्थ वेगळे करता येत नव्हते म्हणून. ‘नाव गैर होते म्हणून बदलले’ असे जेव्हा लिहिले जाते तेव्हा हा भाग गळून जातो.

त्यानंतरची वर्षे वेगळ्याच अडचणींची. केंद्रे चोवीस तास चालू लागली तशी प्रक्षेपण संपतानाची ती शांत पाच मिनिटेच उरली नाहीत. जून २००९मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले. दरम्यान ऑगस्ट २००३मध्ये मंगळ सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला, हजारो वर्षांत कधी नव्हता इतका जवळ, आणि अशा वेळी साध्या डोळ्यांच्या कार्यक्रमाचे मोल पुन्हा दिसले. २० ऑगस्ट २०१० रोजी सूत्रधाराचे ७२व्या वर्षी निधन झाले. काही काळ वेगवेगळ्या सूत्रधारांनी आळीपाळीने धुरा सांभाळली. २०११मध्ये दोघे कायम झाले, एक ओहायोतल्या वेधशाळेतला, दुसरा फ्लोरिडातल्याच दुसऱ्या तारांगणातला. प्रत्येक भागाच्या शेवटचे ‘कीप लुकिंग अप’ (वर पाहत राहा) त्यांनी तसेच ठेवले. कोकोनट ग्रोव्हचे तारांगण २०१५ साली बंद झाले. नवे, मोठे तारांगण २०१७मध्ये शहराच्या मध्यभागी उघडले.

आज ऐंशीच्या दशकातले भाग इंटरनेटवर पाहायला मिळतात. ज्यांनी ते जुन्या व्हिडिओ कॅसेटींवरून उतरवून चढवले त्यांच्यापैकी अनेकांनी शीर्षकात ‘स्टार हसलर’ हेच नाव ठेवले आहे, आणि ते दोन शब्द टाकले की आता शनीच्या कड्यावर बसलेला माणूसच समोर येतो.