केमोतला ताप, आधीच दिलेली गोळी आणि मातीतले जंतू : पार्श्वभूमी

केमोत काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा) पडला की तापाला का घाबरायचं हे आता नातेवाइकांनाही पाठ असतं. ते गणित १९६६ला ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटांवरनं मांडलं गेलं, न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मायक्रोलिटरमागं ५००च्या खाली गेले की इन्फेक्शन वाढतं, १०० खाली तर फारच. तेव्हा सुडोमोनास नावाच्या जंतूनं कल्चरचा (रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा) रिपोर्ट यायच्या आत माणूस जायचा, म्हणून १९७१च्या सुमाराला रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करायची पद्धत पडली. पुढं सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत ठेवायच्या नळ्या) आल्या आणि कातडीवरचे गरीब जंतूही रक्तात सापडायला लागले.

खरा वाद नंतरचा. ताप यायच्या आधीच लेवोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी द्यायची का? २००५च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ८५ टक्क्यांना ताप आला, लेवोवाल्यांत ६५ टक्क्यांना, मृत्यूत मात्र ठळक फरक नाही. तरी परदेशी गाइडलाइनमध्ये जास्त धोक्याच्या पेशंटसाठी ती बसली. एकत्रित आकडेवारीत मृत्यू कमी दिसतात असंही सांगतात, आणि काउंट दोन-तीन आठवडे तळाला राहणाऱ्या ल्युकेमियात ते समजू शकतं. पण सरसकट उचलणं मला पटत नाही. आपल्याकडं लघवीच्या जळजळीला, जुलाबाला मेडिकलमधनं ह्याच जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खपल्यात, ई. कोलाय हा आतड्यातला जंतू त्यांना बऱ्याचदा दादच देत नाही, वर ही गोळी टीबीला अर्धवट दाबून निदान लांबवते ते वेगळंच.

आणि जोरदार औषधांच्या माऱ्यात उरतात ते अवघड जंतू. स्टेनोट्रोफोमोनास ह्या जंतूवर मेरोपेनेम हे जोरदार अँटिबायोटिक मुळातच चालत नाही, त्यामुळं मेरोपेनेमवरच्या पेशंटमध्ये तो जास्त डोकं वर काढतो.

पूर्वी कोल्हापूरचा पेशंट केमोला मुंबई नाहीतर मिरज गाठायचा, आता केमोची सायकल (एक फेरी) कोल्हापुरातच घेऊन संध्याकाळी घरी, म्हणजे काउंट पडतो तो राधानगरी-गगनबावड्याकडं, आणि जरा बरं वाटलं की माणूस शेतात. नोकार्डिया हा जंतू मातीतलाच, एक्स-रेत टीबीसारखा दिसतो, हळू वाढतो, लॅबला आधी सांगितलं नाही तर जंतू वाढवायची प्लेट तोवर टाकून दिलेली असते. मेलिऑइडोसिस ह्या आजाराचा जंतूही ओल्या मातीतला, किनारी कर्नाटकात पावसाळ्यात माहितीचा, मुख्यतः शुगरवाल्यांना, पण कॅन्सरवाल्यांनाही गाठतो आणि लॅबचं जंतू ओळखायचं मशीन कधीकधी त्याला दुसऱ्याच नावानं खपवतं. गंमत म्हणजे तिन्ही जंतूंवर कधी ना कधी उपयोगी पडतं ते कोट्रायमॉक्साझोल हे जुनं स्वस्त अँटिबायोटिक, फक्त जंतू ओळखला गेला पाहिजे.